चार तासांची समुद्रफेरी: होडी ठरवण्याआधी तिथी बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आम्ही नागपूरचे. जानेवारीत चार दिवस तारकर्लीला जातोय. आई ६८ वर्षांची, दोन वर्षांपूर्वी तिच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. सोबत बायको आणि नऊ वर्षांची मुलगी. चौघांपैकी कोणीच समुद्रात गेलेलं नाही. राहण्याच्या ठिकाणचा माणूस चार तासांची बोट-सफर सुचवतो. डॉल्फिन, निवती, भोगवे, त्सुनामी आयलंड, सगळं एका फेरीत. घ्यावी का? डॉल्फिन नक्की दिसतात का? बायकोला बसमध्येही उलट्या होतात आणि आई म्हणते, मला पाण्यावर नेऊच नका."

भाऊ, फेरी घ्या. पण तो माणूस विकतोय तशी घेऊ नका.

एकोणीस वर्षं झाली, मी नागपूर, वर्धा, अमरावतीकडचे छोटे गट कोकणात नेते. बहुतेक पन्नाशी-साठीच्या पुढचे, निम्म्याहून जास्त बायका, आणि जवळपास सगळे आयुष्यात पहिल्यांदा समुद्रावर जाणारे. या अनुभवावरून सांगते, तुम्ही विचारलेल्या गोष्टींत डॉल्फिनचा नंबर शेवटचा आहे. खरे प्रश्न दोन. आई होडीत चढणार आणि उतरणार कशी? आणि वहिनींना बोट लागली तर चार तास काय करायचं? होडी कोणाची घेता यावर या दोन्हींचं उत्तर फारसं ठरत नाही. ते ठरतं तुम्ही कोणत्या दिवशी, किती वाजता निघता यावर.

आधी आईंबद्दल, कारण त्यांचं म्हणणं तुम्ही जरा हलक्यात घेतल्यासारखं वाटलं. आपण नागपूरकर पाणी ओळखतो ते फुटाळ्याचं, अंबाझरीचं, फार तर रामटेकजवळच्या खिंडसीचं. पाण्यावरचा अपघात म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे जुलै २०१७ चा वेणा जलाशय येतो. होडी उलटली आणि फिरायला गेलेली तरुण पोरं परत आली नाहीत. आईंच्या मनात तेच असणार. "काही होत नाही बाप्पा" म्हणून त्यांची समजूत काढू नका. त्यांना होडी दाखवा, तांडेलाशी, म्हणजे होडी चालवणाऱ्या प्रमुख खलाशाशी, बोलू द्या, जॅकेट हातात घेऊन बघू द्या. मी तर पहिल्या संध्याकाळी गटाला नुसतं धक्क्यावर नेऊन बसवते. समोरून होड्या येतात, लोक हसत उतरतात, लहान पोरं उड्या मारतात. नको म्हणणाऱ्यांतल्या निम्म्या बायका तिथेच तयार होतात. ज्या तरीही नाही म्हणतात त्यांना मी आग्रह करत नाही. त्यांच्यासाठी दुसरी सोय आहे, ती पुढे सांगते.

आता फेरी नेमकी कुठून कुठे जाते ते समजून घ्या, म्हणजे पुढचं डोक्यात बसेल. तारकर्लीच्या दक्षिणेला देवबाग ही जमिनीची चिंचोळी पट्टी आहे. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदीची खाडी. होड्या समुद्राच्या बाजूने सुटत नाहीत, खाडीच्या बाजूने सुटतात. खाडीतलं पाणी आपल्या तलावासारखंच शांत असतं. माडांची रांग, मधूनच एखादा बगळा, पहिली पंधरा-वीस मिनिटं आईंना वाटेल की उगाच घाबरले. मग येतो संगम, म्हणजे कर्ली समुद्राला मिळते ती जागा. तिथे तळाला वाळू साठलेली असते, पाणी उथळ होतं आणि लाटा उठतात. होडी इथे पाच-सात मिनिटं नाचते. अख्ख्या फेरीत घाबरवणारी जागा म्हणाल तर हीच. ती ओलांडली की समुद्र मोकळा. समोर भोगव्याचा किनारा, पुढे निवतीचा किल्ला आणि पिवळसर खडक, आणि हवा स्वच्छ असेल तर दूर पाण्यात वेंगुर्ला रॉक्सवरचं दीपगृह. परत येताना पुन्हा तोच संगम.

म्हणजे सगळा खेळ संगमावर. तो सकाळी आठला वेगळा असतो आणि दुपारी तीनला वेगळा. हे मी पुस्तकात वाचून शिकले नाही. माझ्या दुसऱ्याच वर्षी बावीस जणांचा गट रात्रभराच्या बसने दमून आला. मी भाबडेपणाने त्याच दुपारची फेरी ठरवली होती. लोक मासे-भात जेवून तीन वाजता होडीत बसले. पाणी ओहोटीचं बाहेर धावत होतं आणि समुद्रावरून वारा आत येत होता. संगमावर दोघांची गाठ पडली. लाटा उंच नव्हत्या, पण उभ्या आणि एकीला लागून एक. होडी वर जायची आणि आपटायची. नऊ जणांना उलट्या झाल्या. एका काकूंनी माझा हात इतका घट्ट धरला होता की संध्याकाळी त्यावर बोटांचे वळ दिसत होते. धोका नव्हता, तांडेल शांतपणे तंबाखू मळत होता. पण त्या बावीसपैकी कोणी पुन्हा समुद्रावर गेलं असेल असं मला वाटत नाही. चूक सगळी माझी होती.

यामागचं कारण आपण शाळेतच शिकलोय. खारे वारे आणि मतलई वारे आठवतात? रात्री जमीन लवकर थंड होते, म्हणून पहाटे आणि सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, ते मतलई. दिवस चढला की जमीन तापते आणि वारा उलटतो, समुद्राकडून जमिनीकडे, ते खारे. जानेवारीत सकाळी साडेनऊ-दहापर्यंत किनाऱ्याजवळचं पाणी बहुधा गुळगुळीत असतं. अकरानंतर वारा धरतो आणि दुपारी तीन-चारला त्याचा जोर असतो. त्यामुळे माझा नियम साधा आहे. साडेसातला होडीत पाय, अकराच्या आत धक्क्यावर परत. "दहाला आरामात निघू, सर" असं कोणी म्हणालं तर तो स्वतःची सोय बघतोय. त्याच्या होडीची पहिली फेरी आधीच दुसऱ्या कोणाला दिलेली असते.

दुसरी गोष्ट भरती-ओहोटीची. तलावाच्या गावच्या माणसाच्या हे लक्षातच येत नाही, कारण अंबाझरीचं पाणी सकाळी असतं तिथेच संध्याकाळी असतं. समुद्राचं पाणी दिवसातून दोनदा चढतं, दोनदा उतरतं, आणि ही वेळ रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते. कोकणात जुन्या लोकांचा एक हिशोब आहे. तो मला देवबागच्या एका म्हाताऱ्या खलाशाने वाळूत काडीने लिहून शिकवला. तिथीचा आकडा घ्यायचा, तिनाने गुणायचं, चाराने भागायचं. येईल तितके वाजता पूर्ण भरती. अष्टमी असेल तर आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. म्हणजे सकाळी सहाच्या सुमारास भरती, दुपारी बाराच्या सुमारास ओहोटी आणि संध्याकाळी साडेसहाच्या आसपास पुन्हा भरती. द्वादशीला नऊ वाजता. पौर्णिमा किंवा अमावास्येला पंधराचे सव्वाअकरा. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशोब तोच. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण घरी भिंतीवरचं कॅलेंडर बघून सहल ठरवायला तेवढं पुरतं. आपल्या नागपुरात बसून मालवणच्या समुद्राची वेळ काढता येते, याची मला अजूनही गंमत वाटते.

तुमच्यासाठी मी एकादशी ते त्रयोदशीमधली सकाळ धरेन. भरती सव्वाआठ ते पावणेदहाच्या मध्ये कुठेतरी पूर्ण होते. साडेसातला निघताना पाणी चढतं असतं, धक्क्याजवळ होडी उंच तरंगते आणि चढायला सोपी पडते. अकराच्या आत परतता तेव्हा पाणी अजून फार उतरलेलं नसतं. उलट चतुर्थी-पंचमीला हिशोब तीन-पावणेचारचा येतो, म्हणजे ऐन सकाळी नऊ-दहाला ओहोटी. तेव्हा होडी खाली गेलेली असते. काही ठिकाणी गुडघाभर पाण्यातून, पायाखाली चिखल घेऊन तिच्यापर्यंत जावं लागतं. तुमच्या मुलीला ती मजा वाटेल. आईंना नाही. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं. पाणी जास्त चढतं, जास्त उतरतं आणि संगमावर ओढ वाढते. मालवणचा हा चढ-उतार मुंबईपेक्षा बराच कमी आहे, त्यामुळे घाबरण्यासारखं काही नाही. पण तारखा तुमच्या हातात असतील तर तो दिवस मी टाळेन.

एक प्रामाणिक अडचण इथे सांगायला हवी. त्सुनामी आयलंड म्हणून जे दाखवतात ते कर्लीच्या खाडीतलं वाळूचं बेट आहे. २००४ च्या त्सुनामीनंतर ते वर आलं असं गावातले लोक सांगतात, त्यावरून हे नाव. भरतीला ते पाण्याखाली जातं आणि ओहोटीला उघडं पडतं. म्हणजे आईंना जी वेळ सोयीची, नेमकी त्या वेळी तिथे पाय टेकायला कोरडी वाळू नसते. दोन्ही एका फेरीत साधत नाही. तुमच्यासारख्या घरांना मी हेच सांगते की सकाळची समुद्रफेरी सगळ्यांनी मिळून करा. त्सुनामी आयलंडला बापलेक वेगळे जा, दुसऱ्या दिवशी ओहोटीच्या वेळेला. ते खाडीतच असल्याने तिथे जायला संगम ओलांडावा लागत नाही.

आता चढणं-उतरणं. ऑपरेशन झालेल्या गुडघ्याला होडीत बसून राहण्याचा त्रास होत नाही. त्रास होतो तो काठावरून पाय आत टाकताना, कारण त्या क्षणी सगळं वजन एका पायावर असतं आणि खालची फळी हलत असते. आदल्या दिवशी धक्क्यावर जाऊन तीन गोष्टी बघून या: पायऱ्या आहेत का, होडीला शिडी किंवा पाय ठेवायला पाट आहे का, आणि आत बसायला फळी आहे की खुर्च्या. नुसती आडवी फळी असेल तर पाठीला टेकायला काही नसतं, तेव्हा एक उशी सोबत घ्या. चढताना आईंचा चांगला पाय, म्हणजे उजवा, आधी आत जाऊ द्या. एक खलाशी आत उभा हवा आणि तुम्ही मागे. दोघांनी दोन्ही बाजूंनी हात ओढू नका. होडी हलली की दोघांची ओढ दोन दिशांना जाते आणि मधला माणूस पडतो. आईंनी आधी काठावर टेकायचं आणि मग दुसरा पाय आत घ्यायचा. याला वेळ लागतो, मागचे लोक कुरकुरतात, कुरकुरू द्या. जमत असेल तर अख्खी होडीच घ्या. माणशी दराने बसलात तर दहा अनोळखी लोकांची घाई तुमच्या आईंच्या गुडघ्यावर येते. चौघांसाठी अख्खी होडी महाग पडते हे खरं, पण मुक्कामात दुसरं एखादं कुटुंब जोडीदार मिळतंच.

आईंना पुढे नाळेकडे बसवू नका. तिथून दिसतं छान, फोटोही छान येतात, पण होडीचं तोंडच सगळ्यात जास्त उचलतं आणि आपटतं. कंबर, मान, मणका यातलं काहीही दुखत असेल त्याने मध्यावर किंवा मध्याच्या जरा मागे बसावं. अगदी मागे इंजिनजवळही नको. तिथे धूर असतो, आणि वहिनींसाठी तो सगळ्यात वाईट.

वहिनींबद्दल बोलायचं तर गाडी लागणाऱ्याला बोट लागतेच असं नाही, पण शक्यता धरूनच चालावं. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो की आपण हलतोय, आणि डोळे जवळच्या स्थिर गोष्टीवर असतील तर ते सांगतात की हलत नाही. या भांडणातून मळमळ सुरू होते. म्हणून होडीत मोबाईल बघायचा नाही, पिशवीत वाकून काही शोधायचं नाही. नजर लांब, आकाश आणि पाणी मिळतं त्या रेषेवर ठेवायची. बोलत राहायचं, गाणी म्हणायची. आमच्या गटात अंताक्षरी सुरू झाली की उलट्या निम्म्याने कमी होतात. हसू नका, खरंच होतात.

उपाशी पोटी निघू नका आणि भरल्या पोटीही नको. निघण्याआधी तासभर एखादं घावन, केळं किंवा कोरडी बिस्किटं. आपला तर्री-पोहा त्या दिवशी बंद. नागपूरहून चिवडा आणि शेवेचे डबे नेणारे लोक मी पाहिलेत, ते तळलेलं, तिखट सगळं परत आल्यावर खा. आल्याची वडी तोंडात ठेवा. गोळी घ्यायची असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. अ‍ॅव्होमिनसारखी गोळी निघण्याच्या तास-दोन तास आधी घ्यावी लागते, मळमळ सुरू झाल्यावर घेऊन उपयोग होत नाही. तिने झोपही येते, म्हणून नागपुरातच एखाद्या रविवारी घेऊन बघा. आईंना मात्र डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय ती देऊ नका. गुंगी, गुडघा आणि हलणारी फळी हे तिन्ही एकत्र यायला नकोत. आणि आदल्या रात्रीची झोप. जागरण झालेल्या माणसाला बोट हमखास लागते, बावीस जणांच्या गोष्टीत हेही होतं.

डॉल्फिन. ताडोब्याला जिप्सी ठरवताना तुम्ही वाघाची हमी मागता का? कोणी दिली तर त्यावर विश्वास ठेवता का? इथेही तेच. सिंधुदुर्गच्या किनाऱ्याजवळ दिसतात ते पाठीवर उंचवटा असलेले राखाडी डॉल्फिन. ते उथळ पाण्यात राहतात, म्हणून किनाऱ्यापासून फार लांब न जाताही दिसतात. जानेवारीतल्या शांत सकाळी शक्यता चांगली असते. पण पोस्टरवर उड्या मारतात तसे ते मारत बसत नाहीत. श्वास घ्यायला वर येतात, पाठ दिसते, पंख दिसतो, फुस्स असा आवाज होतो आणि संपलं. मुलीला हे आधी सांगून ठेवा, नाहीतर तिचा हिरमोड होईल. आणि ताडोब्यात वाघाभोवती जिप्स्यांचा गराडा पडतो तसा इथे डॉल्फिनभोवती होड्यांचा पडतो. वन्यजीव कायद्यात त्यांना पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे. तांडेलाला निघतानाच सांगा, मागे धावायचं नाही, इंजिन मंद करून थांबायचं. धावणाऱ्या होडीपेक्षा थांबलेल्या होडीजवळ ते जास्त वेळा वर येतात, हे मी अनेकदा पाहिलंय.

फेरीतल्या "पॉइंट"च्या लांब यादीवर मात्र जाऊ नका. चार तासांत सात जागा म्हणजे प्रत्येक जागेवर होडी वळवायची, बोट दाखवायचं आणि पुढे. एका व्यावसायिकाने माझ्या गटाला सात जागांचे पैसे लावले आणि त्यातल्या तीन जागा एकाच खडकाच्या तीन बाजू निघाल्या. दोनच गोष्टी मागा. निवतीपर्यंत जाऊन येणं, आणि भोगव्याच्या किनाऱ्यासमोर इंजिन बंद करून दहा मिनिटं शांत बसणं. ही दहा मिनिटं यादीत नसतात, मागावी लागतात. इंजिन थांबलं की पाण्याचा होडीला लागणारा आवाज ऐकू येतो. माझ्या गटातल्या बायका घरी गेल्यावर फोनवर याच दहा मिनिटांबद्दल बोलतात.

समुद्रफेरीला आई शेवटपर्यंत नाही म्हणाल्या तर ती दुसरी सोय म्हणजे सिंधुदुर्ग किल्ला. मालवणच्या धक्क्यावरून होडीने दहा-पंधरा मिनिटं, होड्या मोठ्या आणि गर्दीत बसल्याने धीर येतो. ही होडी सरळ रेषेत जात नाही, वळसे घेत जाते, तेव्हा आई विचारतील की हा रस्ता चुकला का. चुकलेला नसतो. कुरटे बेटाभोवती पाण्याखाली खडक आहेत, त्यांच्यामधून वाट काढावी लागते. शत्रूच्या जहाजांना अडवायला हेच खडक कामी यायचे. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी मालवणच्या किनाऱ्यावर मोरयाच्या धोंड्यापाशी पूजा करून महाराजांनी या किल्ल्याचं काम सुरू केलं, आणि साधारण तीन वर्षांत तो उभा राहिला. आत राजाराम महाराजांच्या काळातलं शिवराजेश्वराचं मंदिर आहे, शिवाय चारी बाजूंना खारं पाणी असताना गोड्या पाण्याच्या बावी, म्हणजे विहिरी: दूधबाव, दहीबाव, साखरबाव. जुलै २०२५ मध्ये हा किल्ला मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांमध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात गेला. होडीवाले साधारण तासाभराचीच मुदत देतात. तटावर सगळं फिरायचं तर ती पुरत नाही, पण आईंना मंदिर आणि बावी एवढ्यासाठी भरपूर आहे. बुरुजाच्या पायऱ्या त्यांना चढायला लावू नका. सपाटीवर चालू द्या. खरं तर ही होडी आधी करा आणि समुद्रफेरी नंतर. पंधरा मिनिटांचं पाणी निभावलं की चार तासांच्या पाण्याची भीती आपोआप कमी होते.

सुरक्षेबाबत मी जराही ऐकून घेत नाही. होडीवर नोंदणी क्रमांक रंगवलेला हवा आणि किती माणसं न्यायला परवानगी आहे तो आकडा तांडेलाला विचारा. त्याहून एक जरी जास्त बसला तर उतरा. लाइफ जॅकेट प्रत्येकाला, निघण्यापूर्वी, पट्टे बांधून. ते सीटखाली ठेवलेलं असून भागत नाही. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईत घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीला भर दुपारी नौदलाच्या वेगवान बोटीने धडक दिली. जॅकेट शोधायला वेळ मिळत नसतो हे त्या दिवशी सगळ्यांनी पाहिलं. मुलीसाठी लहान मापाचं जॅकेट आदल्या दिवशीच काढून ठेवायला सांगा. ते तिला घालून, पट्टे बांधून, जॅकेटलाच खांद्यापाशी धरून वर उचला, जॅकेट कानापर्यंत वर सरकलं तर ते मोठं आहे. आईंना त्या दिवशी साडीऐवजी पंजाबी ड्रेस घालायला पटवा. नाहीच ऐकलं तर नऊवारीसारखा काष्टा, आणि जॅकेट पदराच्या वरून.

हवामानासाठी हैदराबादची इन्कॉइस ही संस्था लाटांच्या उंचीचा अंदाज देते, तो मी आदल्या रात्री बघते. वृद्ध सोबत असतील तर एक मीटरच्या वर मी जात नाही. ही माझी स्वतःची रेघ आहे, तांडेलाची असेलच असं नाही. पण तांडेल नको म्हणाला तर त्याच्यापुढे कोणताही अंदाज चालत नाही. मागच्या वर्षी आकाश निरभ्र, अंदाज उत्तम, आणि आमचा नेहमीचा तांडेल म्हणाला, "आज नको, भायर वारो हा. उद्या सकाळी येवा." गटातले एक सद्गृहस्थ आवाज चढवून म्हणाले, "काहून नाही? पैसे दिले ना!" दहा वाजता किनाऱ्यावरूनच लाटांचे पांढरे शेंडे दिसायला लागले, तेव्हा तेच गृहस्थ गप्प चहा पीत होते.

म्हणून चार दिवसांची मांडणी अशी करा. नागपूर-मडगाव गाडीने कुडाळला उतरलात तरी प्रवासात जवळपास चोवीस तास जातात, त्यामुळे पहिला दिवस नुसता किनारा आणि झोप. दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ला. समुद्रफेरी तिसऱ्या दिवशी ठेवा, चौथा राखीव. शेवटच्या दिवशी ठेवलीत आणि वारा आला तर हात हलवत परत यावं लागतं. मोह होतो म्हणून तुम्हीही विनंती करता, होडीवालाही "बघू" म्हणतो, आणि नको त्या वेळी नको ते पाणी अंगावर घेतलं जातं. तुम्ही स्वतः स्कूबा करणार असाल तर त्याच दिवशी परतीचं विमान नको, मध्ये किमान अठरा तास जाऊ द्या.

बारीकसारीक: होडीत शौचालय नसतं, आईंना निघण्याआधी जाऊन यायला सांगा, पण त्या भीतीने पाणी प्यायचं टाळू देऊ नका. नागपूरचं ४५ अंशांचं ऊन सोसणारे आपण कोकणातल्या जानेवारीला हसतो, आणि नेमके आपणच भाजून निघतो. पाण्यावरून ऊन परत अंगावर येतं आणि वाऱ्यामुळे कळत नाही. उन्हाळ्यात गाडीवर बांधतो तसा दुपट्टा डोक्याला, नाक-तोंडासकट, बांधा. टोप्या उडतात, दुपट्टा उडत नाही. चष्म्याला दोरी. पायात मागून पट्टा असलेली चप्पल. आईंची औषधं आणि खाण्याचं काही एका प्लास्टिकच्या डब्यात.

तुमची नेमकी तारीख कळवा. तिथी बघून चारपैकी कोणती सकाळ धरायची ते सांगते.